घाटमाथ्याचं पाणी आणि आपली सायकल

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. पुण्याच्या मुळा नदीचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं?

भूगोल पक्का असलेला लगेच म्हणेल, "सोप्पं आहे! मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला." शाब्बास! उत्तर बरोबर, पण अर्धंच. कारण याच मुळेचं कितीतरी पाणी आमच्या रोह्याजवळून कुंडलिका नदीतून वाहतं आणि रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळतं. मधे एवढा सह्याद्री आडवा उभा असताना पाणी इकडे आलं कसं? ते बघायचं तर घाट चढायला हवा. तोही मोटारीतून नाही बरं का! मोटारीत निम्मी मुलं झोपलेली असतात आणि उरलेली तोंडात आवळासुपारी धरून डोळे मिटून बसलेली. घाट बघावा तो पायी, नाहीतर सायकलवरून.

आधी थोडे शब्द. दोन डोंगरांच्या मधली अरुंद वाट ती खिंड. पेणच्या मुलांना कर्नाळ्याची खिंड ठाऊक आहे, आम्हां रोहेकरांना सुकेळीची. डोंगराच्या घळीतून उभी चढणारी, दगडधोंड्यांची वाट ती नाळ. आणि कोकणातून देशावर नेणारा रस्ता तो घाट. हे घाट फार जुने आहेत. कल्याण आणि जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीही वाहता होता. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. वाटेवर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

पण आपली सायकल काही नाळेतून चढायची नाही. तिला हवा वळणावळणांचा रस्ता. ही वळणं कशासाठी, सांगा बघू? ट्रकमध्ये जड पिंप चढवताना हमाल काय करतात? उचलत नाहीत, तिरकी फळी लावतात आणि त्यावरून ढकलतात. अंतर वाढतं, पण जोर कमी लागतो. घाटाचा रस्ता म्हणजे अशीच एक लांबलचक फळी, डोंगराला गुंडाळलेली! इटलीत आल्प्स पर्वतात स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे. उंची 2757 मीटर. तिथल्या रस्त्याला एका बाजूने 48 अवघड वळणं आहेत. हा रस्ता 1825 साली पुरा झाला. आपल्या बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला तो 1830 साली. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच वयाचे! सायकलचा गिअर हलका केला की तीच युक्ती होते. पाय जास्त वेळा फिरतात, पण प्रत्येक फेरा सोपा जातो.

आता निघू या ताम्हिणी घाटाकडे. रोह्याहून कोलाड, मग सुतारवाडी, विळे आणि पुढे चढण. दम लागला की खुशाल उतरावं आणि सायकल हातात धरून चालावं. त्यात कमीपणा कसला? थांबल्यावरच तर दिसतं! समुद्राकडून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिकामे होतात. ताम्हिणीला कित्येक वर्षी 6000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. पलीकडे पुण्यात मात्र साधारण 700 मिलीमीटर. एवढ्याशा अंतरात एवढा फरक! मोटारीत तो आकड्यांत कळतो, सायकलवर अंगाला कळतो.

माथा ओलांडला की डावी-उजवीकडे झाडीतून पाणी चमकू लागतं. तो मुळशीचा जलाशय. सुंदर दिसतो. पण मुलांनो, हा तलाव निसर्गाने केलेला नाही. मुळा नदीवर धरण बांधून तो झाला आणि त्याच्या तळाशी गावं आहेत. घरं, देवळं, भाताची खाचरं, सारं काही. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटा कंपनीने हे धरण बांधायला घेतलं. आपली जमीन जाणार म्हणून मावळातले शेतकरी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यामुळे. लढा तीनेक वर्षं चालला, माणसं तुरुंगात गेली. पण धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली.

आता कोड्याचं उत्तर! पूर्वेला जाणारं हे पाणी धरणाने अडवलं, पश्चिमेकडे वळवलं आणि भल्या मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली, भिऱ्याला सोडलं. तिथल्या वीजघराची चक्रं 1927 सालापासून या पाण्यावर फिरताहेत. काम झालं की पाणी कुंडलिकेत येतं. डोलवहाळच्या बंधाऱ्याशी ते अडवून कालव्यांत सोडतात. या पाण्यावर आमच्याकडच्या शेतांनी उन्हाळी भात पाहिला. कोलाडला रबरी होड्यांतून जी मौज चालते, तीही याच पाण्यावर. म्हणजे आमच्या ताटातल्या भाताचं एक मूळ वर, त्या बुडालेल्या खाचरांत आहे. घाट चढताना एवढं आठवलं, तरी तलावाच्या काठावर वेफर्सची रिकामी पाकिटं टाकायला हात धजणार नाही.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती जिवाची आहे. वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिकेची पातळी भराभर वाढते. आत्ता उघडे दिसणारे खडक थोड्या वेळात पाण्याखाली जातात. आकाशात ढग नसला तरीही! तेव्हा फोटोसाठी, पोहायला किंवा सायकल धुवायला नदीच्या पात्रात उतरू नका. भिऱ्याजवळच्या देवकुंडाचं तसंच. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा येतो. पावसाळ्यात तिथे बंदी घालतात, ती उगीच नाही.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्याशी. एकदम ताम्हिणी नको. पहिली चढण पायीच असू द्या. आमच्याकडे अवचितगड आहे. उंची जेमतेम 300 मीटर, वर पाण्याची टाकी आणि बारा कोनांचा तलाव. इथे मुलाचा दम कळतो. मग हिवाळ्यात, सकाळी लवकर, मोठ्या माणसांच्या सोबतीने घाटाचा थोडासाच भाग घ्यावा. हायवेवर मुलांना सायकल मुळीच नको. तेवढा टप्पा सायकली टेम्पोत टाकून पार करावा. डोक्यावर हेल्मेट हवंच. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर, टायरमधली हवा आणि चेन बघावी. चढताना दमछाक होते, पण पडायची भीती असते ती उतरताना. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबावेत. दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवावं. वळणावर पुढे जायची शर्यत तर कधीच नाही. वळणापलीकडून एस.टी. येत असते आणि तिला तुम्ही दिसत नसता.

आता या आठवड्याचा अभ्यास. (घाबरू नका, मार्क नाहीत!) तुमच्या घरच्या नळाचं पाणी कुठून येतं, ते शोधा. नदीचं, विहिरीचं की धरणाचं? धरणाचं असेल तर ते कुठल्या नदीवर आहे आणि ते होण्यापूर्वी तिथे कुठली गावं होती? आजी-आजोबांना विचारा, ग्रामपंचायतीत विचारा. मग वहीत नकाशा काढा आणि पाण्याची वाट निळ्या पेन्सिलीने रंगवा. त्या वाटेवर सायकलने जाण्याजोगा एखादा तुकडा सापडला, तर तो लाल पेन्सिलीने रंगवायला विसरू नका!