हृदयक्रिया बंद पडल्यानंतर : अ‍ॅड्रेनलिनच्या चाचणीने उभे केलेले प्रश्न

हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रेनलिन टोचावे की टोचू नये, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने सुमारे अर्धे शतक जवळजवळ विचारलाच नव्हता. १९६०च्या दशकापासून ते टोचले जात होते आणि पूर्वीपासून टोचले जाते, हेच पुढेही टोचण्याचे मुख्य कारण होऊन बसले होते. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१७ या काळात झालेल्या ‘पॅरामेडिक-२’ या चाचणीने ही परंपरा प्रथमच मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली. तिचे निष्कर्ष जुलै २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाला वाचवणे म्हणजे नेमके काय, याविषयीचा वाद त्यानंतर अधिकच धारदार झाला आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्तांत ‘हृदयविकाराचा झटका’ आणि ‘हृदयक्रिया बंद पडणे’ हे शब्दप्रयोग सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः झटका येतो तो हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबल्यामुळे. असा रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखत असल्याचे स्वतः सांगू शकतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र रक्ताभिसरणच थांबते. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते. पहिल्या अवस्थेतून दुसरी उद्भवू शकते, पण दोन्ही एक नव्हेत.

या दुसऱ्या अवस्थेवरचा आधुनिक उपाय १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जन्मला. जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विजेच्या धक्क्याने हृदय पूर्ववत करण्याचे प्रयोग कुत्र्यांवर सुरू असताना, उपकरणाच्या जड पट्ट्या छातीवर दाबताच रक्तदाब किंचित वाढतो, असे गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या ध्यानात आले. ज्येष्ठ विद्युत अभियंते विल्यम कॉवेनहोवेन आणि शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह त्याने ही गोष्ट माणसांवर पडताळून पाहिली. छाती न उघडता, केवळ हातांनी दाब देऊन रक्ताभिसरण टिकवता येते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले. मात्र हे रुग्ण रुग्णालयातील होते. रस्त्यावर कोसळलेल्यांच्या वाट्याला असे यश नंतरच्या काळातही आले नाही.

अ‍ॅड्रेनलिनही याच काळात पुनरुज्जीवनाच्या पद्धतीत स्थिरावले. त्याचे कार्य तर्काला पटणारे आहे. हे द्रव्य शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांतील दाब वाढतो आणि थांबलेले हृदय पुन्हा धडधडू लागण्याचा संभव वाढतो. प्राण्यांवरील प्रयोगांत हे दिसून आले होते. माणसांवर तुलनात्मक चाचणी करायची तर निम्म्या रुग्णांना हे औषध नाकारावे लागणार होते आणि तेवढे धैर्य कोणाजवळ नव्हते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तसा प्रयत्न केला, तेव्हा सहभागी होऊ पाहणाऱ्या इतर रुग्णवाहिका सेवांनी एकामागून एक माघार घेतली. परिणामी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास ५३४ रुग्णांवरच थांबला.

वॉरिक विद्यापीठाचे गेव्हिन पर्किन्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश चाचणीत ८,०१४ रुग्णांचा समावेश झाला. निम्म्यांना अ‍ॅड्रेनलिन, तर निम्म्यांना साधे सलाईन देण्यात आले. पाकिटात काय आहे, हे देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नव्हते. अ‍ॅड्रेनलिन मिळालेल्यांपैकी ३६.३ टक्के रुग्णांचे हृदय पुन्हा सुरू झाले. सलाईनच्या गटात हे प्रमाण अवघे ११.७ टक्के होते. एवढ्यावर चाचणी थांबली असती, तर औषधाचा जयजयकार झाला असता. परंतु ३० दिवसांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३.२ आणि २.४ टक्के भरले. मेंदूचे कार्य समाधानकारक राहून घरी गेलेल्यांचे प्रमाण होते २.२ आणि १.९ टक्के. हा फरक इतका अल्प आहे की तो योगायोगानेही घडू शकतो.

सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा याच्याही पुढचा आहे. रुग्णालयातून जिवंत बाहेर पडलेल्यांमध्ये ज्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती, म्हणजे जे आधाराशिवाय चालू शकत नव्हते किंवा अंथरुणालाच खिळले होते, त्यांचे प्रमाण अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३१ टक्के आणि सलाईनच्या गटात १७.८ टक्के होते. जे औषध हृदयाला चालना देते, तेच मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला प्रवाह रोखत असावे, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क अधिक साधा आहे : मेंदू आधीच निकामी झालेल्या रुग्णाचेही हृदय हे औषध चालू करते. अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या कुटुंबाला ‘ठोके परत आले’ एवढेच कळते. त्या वाक्याचा अर्थ पुढल्या काही आठवड्यांत उलगडत जातो. चाचणीची आखणी करताना सर्वसामान्य नागरिकांचे मत विचारण्यात आले होते. नुसते जगण्यापेक्षा मेंदू शाबूत राहून जगणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले होते.

संमतीचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. बेशुद्ध माणूस संमती देऊ शकत नाही आणि नातेवाइकांना गाठायला वेळ नसतो. म्हणून संमतीविना रुग्णांना चाचणीत घेण्याची व जे वाचतील त्यांना नंतर विचारण्याची मुभा देण्यात आली. ज्यांना सहभागी व्हायचे नव्हते, त्यांच्यासाठी तसा मजकूर कोरलेले पोलादी कडे उपलब्ध होते. आपले हृदय उद्या बंद पडेल, हे आदल्या दिवशी जाणून कडे घालणारे किती असतील, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्तही आहे. तथापि कोणत्याही पुराव्याशिवाय पन्नास वर्षे तेच औषध देत राहणे हादेखील एक प्रकारे संमतीविना चाललेला प्रयोगच होता, ही संशोधकांची बाजूही तितकीच वजनदार आहे.

विशेष म्हणजे, एवढे होऊनही औषध हद्दपार झाले नाही. अमेरिका आणि युरोपच्या २०२० व २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांत दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ही मात्रा कायम राहिली. शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराची गत याहून वेगळी झाली. २००२ मधील दोन छोट्या चाचण्यांनी त्याला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. मात्र २०२१ मध्ये सुमारे १,९०० रुग्णांच्या अभ्यासात, ३३ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेल्या आणि केवळ ताप येऊ न दिलेल्या रुग्णांच्या मृत्युदरात लक्षणीय तफावत आढळली नाही.

मग उपयोग होतो तो कशाचा? ‘पॅरामेडिक-२’च्या लेखकांनीच एक तुलना मांडली आहे. एक मृत्यू टाळण्यासाठी ११२ रुग्णांना अ‍ॅड्रेनलिन द्यावे लागते. हृदयक्रिया बंद पडल्याचे तत्काळ ओळखले गेले, तर दर ११ रुग्णांमागे एक वाचतो. जवळच्या व्यक्तीने छातीवर दाब दिला, तर १५ मागे एक. आणि विजेचा धक्का लवकर मिळाला, तर पाचामागे एक. हे आकडे भिन्न पद्धतीच्या अभ्यासांतून आलेले असल्याने ते एका तराजूत तंतोतंत तोलता येणार नाहीत. कल मात्र स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिका साधारण सात मिनिटांत पोहोचत होती, तरी औषध शरीरात जाईपर्यंत दूरध्वनी केल्यापासून वीसहून अधिक मिनिटे उलटत होती.

डेन्मार्कने २००५ पासून शाळांत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचे केले. तेथे २००१ मध्ये २१.१ टक्के रुग्णांना जवळच्या नागरिकांकडून छातीवर दाब मिळत होता. २०१० मध्ये हे प्रमाण ४४.९ टक्क्यांवर गेले. याच अवधीत ३० दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झाले. या वाढीचे सारे श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येत नाही, असे त्या अभ्यासकांनीही नमूद केले आहे.

भारतात भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी तोंडावाटे श्वास देण्याची अट वगळून, केवळ छातीवर दाब देण्याची पद्धत पुरस्कारली. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच लक्षात घेता हा निर्णय व्यवहार्य ठरावा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर असतो. परंतु तो येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्यांच्या आणि वाटसरूंच्याच हाती असतात.

त्या वाटसरूला कायद्याचे संरक्षण किती, हा मुद्दा अद्याप अर्धाच सुटला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेले कलम १३४-अ मदतकर्त्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून अभय देते, पण ते केवळ वाहन अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांसाठी. सद्हेतूने, संमतीविना केलेल्या मदतीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३० गुन्ह्याच्या आरोपापासून सर्वसाधारण संरक्षण देते. मात्र रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला नाव-पत्ता न सांगण्याची जी स्पष्ट मुभा नियमांनी दिली आहे, ती रेल्वेच्या फलाटावर कोसळलेल्या प्रवाशाची छाती दाबणाऱ्याला हे कलम देत नाही.