उभ्या गाडीचाच गुन्हा!

उभी गाडी वळत नाही, ओव्हरटेक करत नाही, फोनवर बोलत नाही. तरी जालन्यात गांधी चमन ते मामा चौक एखाद्यानं तिला ठोकली, की तोच तिच्या मालकाला विचारतो, "इथं गाडी लावायची असते का, भाऊ?" म्हणजे रिव्हर्स यांनी घ्यायचा आणि मागं बघायचं आपण!

या थोर पुरुषाचं मूल्यमापनशास्त्र अभ्यासण्यासारखं आहे. त्यानं तुमचा दरवाजा चेपला, तर "एवढासा तर पोचा आहे, पॉलिश मारलं की जाईल." तसाच पोचा त्याच्या दरवाजाला पडू द्या. "कंपनीचा पेंट गेला ना! आता अख्खा दरवाजा बदलावा लागतो." सापेक्षतावाद शिकायला आइन्स्टाइन कशाला हवा? सदर बाजारात संध्याकाळी सात वाजता उभे राहा.

पुढचा अंक ठरलेला. एमएच २१ च्या पाटीवर नंबर बारीक, काचेवर पद ठळक. "मला ओळखत नाही का?" ओळखलं की, महाराज, म्हणून तर फोटो काढतोय! लगेच कुठल्याशा साहेबांना फोन. एका ओरखड्यासाठी सगळं राज्ययंत्र कामाला! घटनाकारांनी एवढं सामर्थ्य आपल्याला दिलंय, हे या गृहस्थाला मात्र पक्कं ठाऊक.

दुसरी जात पळपुट्यांची. हे उतरतात, वाकून आधी स्वतःचा बंपर बघतात, मग दोन्हीकडं नजर टाकतात आणि पसार! समोरच्या दुकानातला कॅमेरा? तो कालपासून बंद. नेहमी कालपासूनच बंद असतो.

खरं तर ठोकल्यावर काय करायचं, हे सांगणारा कायदा आहे: मोटार वाहन कायदा, 1988. कलम 134 फक्त जखमींपुरतं नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी लागू होतं. जागेवर पोलीस नसेल, तर ठोकणाऱ्यानं 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन सांगायचं. न सांगितल्यास कलम 187: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. काचेवरच्या पदाला सूट दिल्याचं मला तरी त्यात कुठं सापडलं नाही.

आता खरी गंमत ऐका. ठोकणारा पळाला, की बिचारा मालक स्वतःच्या विम्यातून क्लेम करतो आणि वर्षानुवर्षं साठवलेला नो क्लेम बोनस घालवून बसतो. हा बोनस 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढतो. चूक त्याची, भुर्दंड याला! म्हणून शहाणी माणसं क्लेमच करत नाहीत, निमूटपणे डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे पैसे देतात. पळपुट्याला हे गणित तोंडपाठ असतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या हातून कुणाची उभी गाडी घासली, तर नाव-नंबराची चिठ्ठी वायपरखाली ठेवा आणि फोन आला की उचला. आणि तुमची ठोकून कुणी निघालाच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार नंतर करा. आधी नंबर प्लेटचा फोटो काढा.