वायूच्या वेगात दडलेले अंतर

चिलीतील 'अल्मा' या रेडिओ दुर्बिणींच्या संचाने २०१४ मध्ये टिपलेले 'एचएल टॉरी' या तरुण ताऱ्याचे चित्र, त्यातील एकात एक बसलेल्या धुळीच्या कड्यांमुळे, जगभर गाजले. मात्र सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरील त्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत साधारण पाच खगोलीय एककांहून (सूर्य व पृथ्वी यांमधील सरासरी अंतर म्हणजे एक एकक) लहान असे काहीही त्या चित्रात वेगळे दिसू शकत नाही आणि पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह तर ताऱ्यापासून एक-दोन एककांच्या परिसरातच घडतात. या आतल्या प्रदेशाविषयी आज जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग अवरक्त वर्णपटाने मिळवून दिला आहे. म्हणूनच चित्रांना मिळणारा मान आणि निधी वर्णपटमापकांनाही मिळायला हवा.

अशा तबकडीच्या वस्तुमानात सुरुवातीला सुमारे ९९ टक्के वायू असतो आणि त्यात हायड्रोजनचेच प्राबल्य असते. परंतु हायड्रोजनचा रेणू सममित असल्याने तो अत्यंत क्षीण प्रारण देतो. त्यामुळे अभ्यासकांना कार्बन मोनॉक्साइडकडे वळावे लागते. ताऱ्याजवळच्या शेकडो अंश तापलेल्या वायूत हा रेणू कंप पावतो, फिरतो आणि एका ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना ४.७ मायक्रॉनच्या आसपास ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. वर्णपटात या प्रकाशाच्या रेषा ओळीने उमटतात.

यातील एकच रेषा बारकाईने पाहिली, तर तिला बहुधा दोन शिखरे असतात, कारण तबकडीच्या एका बाजूचा वायू आपल्याकडे येत असतो, तर दुसऱ्या बाजूचा दूर जात असतो आणि डॉप्लर परिणामामुळे त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी अनुक्रमे घटते व वाढते. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या ताऱ्याभोवती एक एककावरचा वायू सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरतो, चार एककांवरचा १५ किलोमीटर वेगाने. म्हणून तबकडीचा कल ठाऊक असेल, तर रेषेच्या रुंदीवरून वायूचे ताऱ्यापासूनचे अंतर काढता येते. चिलीतीलच 'व्हीएलटी' दुर्बिणीवरील 'क्रायरीस' हा वर्णपटमापक सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर इतका सूक्ष्म वेगफरक ओळखतो. पृथ्वीच्या वातावरणातील कार्बन मोनॉक्साइड नेमक्या याच तरंगलांब्या शोषून घेतो, पण पृथ्वीच्या परिभ्रमणामुळे ताऱ्याच्या रेषा जेव्हा पुरेशा बाजूला सरकतात, तेव्हाचे दिवस निवडून निरीक्षक ही अडचण ओलांडतात.

वातावरणातील बाष्पाचा अडथळा मात्र असा टाळता येत नाही आणि तेथे 'जेम्स वेब' अवकाश दुर्बिणीला पर्याय नाही. दोन ग्रह घडत असलेल्या 'पीडीएस ७०' या ताऱ्याच्या तबकडीत, खडकाळ ग्रहांच्या प्रदेशात, पाण्याची वाफ असल्याचे तिच्या 'मिरी' उपकरणाने २०२३ मध्ये दाखवले. तरीही 'मिरी'ला सेकंदाला शंभर किलोमीटरच्या आसपासचेच वेगफरक वेगळे करता येत असल्याने, वायूत काय आहे हे अवकाशातून कळते, तर तो नेमका कोठे आहे आणि कसा वाहतो हे जमिनीवरून. एकाच्या यशाकडे बोट दाखवून दुसऱ्याचा खर्च कापणे म्हणजे निम्मे उत्तर सोडून देणे होय.

भारतासाठीही हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातून घडलेला 'टॅनस्पेक' हा वर्णपटमापक उत्तराखंडातील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर बसवलेला असून, तो २.५ मायक्रॉनपर्यंत पाहतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अधिक तप्त वायूची २.३ मायक्रॉनची खूण त्याच्या कक्षेत येते, ४.७ मायक्रॉनच्या रेषा मात्र येत नाहीत. लडाखमधील हान्ले येथील हवा उंचीमुळे विरळ आणि कोरडी आहे, उपकरणे घडवण्याचा अनुभवही देशात आहे. तेव्हा पुढच्या मोठ्या दुर्बिणीच्या आराखड्यात ४.७ मायक्रॉनपर्यंत पोहोचणाऱ्या, सूक्ष्म वेगफरक टिपणाऱ्या वर्णपटमापकाला पहिल्यापासूनच स्थान देणे योग्य ठरेल.