टीव्ही-मोबाईल बंद करायचा, तर सगळ्या वस्तीने मिळून

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावाने एक नियम सुरू केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद करायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत ही शांतता पाळायची. कोरोनाकाळातील ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना, म्हणून गावाने हा उपाय काढला.

आपल्या रायगड किनाऱ्याने टीव्ही-इंटरनेटशिवायचे दिवस वेगळ्या रीतीने पाहिले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळले. विजेचे खांब पडले, मोबाईलचे टॉवर बंद झाले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांचे कौतुक आम्ही करणार नाही. छप्पर उडालेल्या माणसाला मुंबईतल्या मुलाची खबर मिळत नव्हती. लादलेल्या अंधाराला आरोग्य म्हणत नाहीत. आजही शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवरच भरावा लागतो. त्यामुळे 'इंटरनेट घरात नकोच' हा उपदेश आपल्याला परवडणारा नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की बंद कधी करायचे ते आपण ठरवावे, आणि सगळ्या वस्तीने मिळून ठरवावे.

हा प्रश्न आरोग्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या आतील बाळाला स्क्रीन अजिबात दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त दाखवू नये. मूल बोलायला शिकते ते माणसाशी बोलून. त्याने 'बा' म्हटले की आई उत्तर देते, मोबाईल देत नाही. मोबाईल दाखवून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. रात्री डोळ्यांसमोर उजेड राहिला की झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होते. शाळकरी मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. ती मोडली की सकाळी वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

यावर 'आपापल्या घरात बंद करा' असे सांगणे सोपे आहे. पण आपल्या वस्तीत घर एका खोलीचे, मधली भिंत पत्र्याची. एका घराने टीव्ही बंद केला तरी शेजारच्या मालिकेचा प्रत्येक शब्द ऐकू येतो. बंगल्यातल्या मुलाला दार लावून घेता येते, आपल्या मुलाला येत नाही. म्हणून आपल्याकडे शांतता एकेकट्याने मिळत नाही, ती सगळ्यांनी मिळूनच करावी लागते.

बाबासाहेबांचे शिक्षण आठवा. परळच्या डबक चाळीत एकच खोली, भांडीकुंडी आणि माणसांनी भरलेली. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत. मुलाची झोप आणि शांत वेळ, दोन्ही बापाने स्वतःची झोप मोडून मिळवून दिली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. याचा भार आईवर टाकू नका. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला मालिकेचा अर्धा तास हाच विसावा असतो. तिला 'बंद कर' म्हणणारे वडील कोपऱ्यात मोबाईलवर क्रिकेट पाहत असतील, तर मुले काय शिकतील? वेळ ठरवताना महिला मंडळाला आधी विचारा. तिची मालिका संपल्यावरची वेळ धरा, आणि पुरुषांनी आपला मोबाईल सर्वांत आधी बाजूला ठेवावा.

विहाराचे सभागृह संध्याकाळी रिकामे असेल तर तिथे मुलांना बसवा. कॉलेजात जाणाऱ्या एक-दोघांनी पाळी लावून सोबत बसावे. कुणाला अर्ज भरायचा असेल तर त्याला सूट द्या. पहिला महिना फक्त दीड तास पाळा. महिनाअखेरीस बैठक घेऊन मुलांनाच विचारा, झोप कशी लागते आणि घरात कोण कोणाशी बोलते.