टिन उडाल्यावर मिळणार किती? गोठ्याची डागडुजी वादळाआधीच करा

उन्हाळा तापला की अकोला-अमरावतीकडे दुपारनंतर आभाळ दाटते, धुळीचे लोट उठतात आणि घटकाभराच्या वादळात वावरातल्या गोठ्याचे टिन शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन पडते. दुसऱ्या दिवशी गावात एकच प्रश्न असतो : सर्व्हे कधी होणार आणि पैसे किती मिळणार? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आधीच माहीत असले, तर तुम्ही वादळाची वाट न पाहता शिडी घेऊन छपरावर चढाल.

मदतीचा हिशेब

आपत्ती मदतीचे केंद्राचे निकष २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरले होते. त्यात गोठ्याच्या नुकसानीला ३,००० रुपये होते, तेही 'घराला लागून असलेल्या' गोठ्याला. आपल्याकडे निम्मा संसार वावरातल्या गोठ्यात असतो. बैल, कुटार, खताच्या बॅगा, फवारणीचा पंप, कधी विकायचा राहिलेला कापूस. तो गोठा या शब्दांत बसत नाही. कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला ४,००० आणि पक्क्याला ६,५०० रुपये होते, पण किमान १५ टक्के नुकसान दिसले पाहिजे. दोन टिना उडाल्या तर तेवढे भरतेच असे नाही.

त्याच निकषांत बैल दगावला तर ३२,००० आणि दुभते जनावर दगावले तर ३७,५०० रुपये होते. म्हणजे छप्पर पडून बैल गेला की ३२ हजार, आणि ज्या छपराने बैल वाचवायचा त्याला ३ हजार. तीन हजारांत टिना, हुक आणि मिस्त्रीची मजुरी यातले काय काय बसते, ते तालुक्याच्या दुकानात एकदा विचारून पाहा. मदत नाकारू नका, तो तुमचा हक्क आहे. पण तिच्या भरवशावर गोठा उभा राहत नाही.

टिन उडते कसे?

वारा टिन वरून दाबत नाही, वर ओढतो. छपरावरून जोराने जाणारी हवा टिनाला वर खेचते आणि एका बाजूने उघड्या गोठ्यात घुसलेली हवा खालून ढकलते. दोन्ही जोर एकाच दिशेचे. म्हणून टिन आधी कडेला, कोपऱ्याला आणि आढ्याजवळ सुटते. एक सुटले की शेजारचे सोलत जाते.

यावर आपला घरगुती उपाय म्हणजे टिनावर गोटे ठेवणे. हा उपाय नव्हे, धोका आहे. टिन उचलले गेले की तोच गोटा खाली बांधलेल्या जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यात पडतो.

डागडुजीचा क्रम

आधी खांब पाहा, मग वासे, शेवटी टिन. बल्लीच्या बुडाशी विळ्याचे टोक खुपसून पाहा. उधईने पोखरली असेल तर ती बदला. बल्ली कुजकी असेल तर वर नवे टिन ठोकून फायदा नाही.

खिळ्यांऐवजी हुक-बोल्ट वापरा. सरळ खिळा वाऱ्याच्या हिसक्याने निसटतो. हुक खालच्या पाइपाला किंवा वाशाला कवटाळतो. भोक लाटेच्या माथ्यावर पाडा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहते. प्रत्येक हुकाखाली वायसर हवाच. कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत हुक जवळजवळ लावा. वरचे टिन खालच्यावर निदान सहा इंच चढले पाहिजे.

गंजून पडलेल्या भोकांना डांबरी कागदाचे ठिगळ चालते. काम सकाळी करा, पत्रा कोरडा पाहिजे. तारेच्या ब्रशने गंज काढा, डांबर लावा आणि भोकाच्या चारही बाजूंनी चार इंच जास्त येईल असे ठिगळ बसवा. अनेक ठिगळे असतील तर खालून वर जा, म्हणजे वरचे खालच्यावर चढते आणि पाणी आत शिरत नाही. छपरावर आधीच डांबरी कागद असून तो फुगला असेल, तर फुगा फुलीसारखा चिरा, आत वाळू द्या, चिकटवा आणि वर ठिगळ लावा. कुटाराजवळ डांबर तापवू नका. हुकाजवळचाच पत्रा कुजला असेल तर ठिगळ लावू नका, टिनच बदला.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर जपून. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते कोरडे घासू नका, फोडू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. अशा पत्र्यावर थेट पायही देऊ नका, तो फुटून माणूस खाली येतो. फळी टाकूनच चढा.

छपराच्या वरही पाहा

९ एप्रिल २०२३ ची पारसची रात्र आपण विसरता कामा नये. बाळापूर तालुक्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात वादळ-पावसात भाविक टिनाच्या शेडखाली थांबले होते. कडुलिंबाचे जुने झाड शेडवर कोसळले आणि ७ जणांचा जीव गेला. अनेक जण जखमी झाले. एवढे झाड कोणत्याच शेडला पेलणार नाही. म्हणून हुक आवळताना मान वर करून झाडही पाहा. खोड पोकळ आहे का, फांदी छपरावर झुकली आहे का? छाटणीला परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. आणि वादळात अशा झाडाखालच्या शेडमध्ये थांबू नका, माणसेही नाही अन् जनावरेही नाही.

कागदही पक्का ठेवा

गोठ्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे का ते पाहा. आजच मोबाइलवर गोठ्याचा फोटो काढून ठेवा. नुकसान झाले तर आधी फोटो, मग ताडपत्री. पंचनाम्यासाठी गोठा उघडा ठेवून कुटार भिजवू नका, मोडके टिन मात्र जपून ठेवा. तलाठ्याकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नवा गोठा बांधायचा असेल तर २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २ ते ६ गुरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपयांची तरतूद होती. ती रोजगार हमीशी जोडलेली होती, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. तेव्हा जुन्या कागदावर विसंबू नका, आज काय चालू आहे ते पंचायत समितीत विचारूनच अर्ज करा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणे आहे. शाळेची शेड, स्मशानशेड, एसटीचा निवारा, मंदिरापुढचा मंडप यांची छपरे आणि त्यांवरची झाडे वर्षातून एकदा पाहून यादी करा. १ मेच्या ग्रामसभेची वाट पाहू नका, तोवर दोन-चार वादळे येऊन गेलेली असतात. हे काम पाडव्याच्या आसपासच उरका.

गोठ्यालाही तोच मुहूर्त धरा. एक दिवस, एक मिस्त्री आणि मूठभर हुक, एवढाच खर्च आहे. मदतीचे निकष बदलतील तेव्हा बदलोत, या हंगामात बैल कोरडा राहतो की नाही ते तुमच्या हातात आहे.