दक्षिणा कुणाला, कशासाठी?

पिंपरी-चिंचवड ओलांडून मुंबईच्या दिशेने निघाले की देहूरोडच्या पुढे तळेगाव दाभाडे लागते. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी याच गावी विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा घातली. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालविली. पेशवाई गेली तरी एल्फिन्स्टनने ती बंद केली नाही. मात्र १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या मंडळींनी सरकारकडे मागणी केली, की या निधीतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. पाठांतराला मिळणारी दक्षिणा ग्रंथनिर्मितीकडे वळली. हा इतिहास आज आठवण्याचे कारण तळेगावपासून हाकेच्या अंतरावर आहे.

अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्याची मुभा २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने दिली. आठ राज्यांतील चौदा महाविद्यालये पुढे आली. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्याचे धाडस केले. हे धाडस अभिनंदनीय आहे. पण वर्गात उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती काय आहे, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही.

साहित्याचा तुटवडा नाही. आयआयटींची एनपीटीईएल व्याख्याने आहेत, २०१७ पासून 'स्वयम्' आहे, परिषदेच्या 'ई-कुंभ'वर भारतीय भाषांतील तंत्रशिक्षणाची पुस्तके आहेत, मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य खुला आहे. युनेस्कोच्या व्यासपीठावर २००२ मध्ये रूढ झालेली 'मुक्त शैक्षणिक साधने' ही संकल्पना मात्र विनामूल्यतेच्या पुढे जाते. असे साधन उतरवून घेता येते, बदलता येते, अनुवादता येते आणि पुन्हा वाटता येते. पण ढीग म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. त्यातून निवड करणे, सत्राच्या तासांत ते बसविणे, उदाहरणे भोसरीच्या वर्कशॉपमधली आणि चाकणच्या असेंब्ली लाइनवरची घेणे, प्रश्नसंच करणे, हे काम शिक्षकाचेच. अनुवाद यंत्र करून देईल. पण कारखाना ज्याला जिग-फिक्श्चर म्हणतो त्याला पुस्तकात अनोळखी संस्कृत प्रतिशब्द आला, तर विद्यार्थी दोन्हीकडे अडतो. कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला घडवायचा, हे शिकविणाराच ठरवू शकतो.

या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत आपल्याकडे कुणी मोजत नाही. राज्यातील महाविद्यालयांत अनेक अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना वर्गातल्या तासाचे मानधन मिळते, घरी रात्री जागून केलेल्या तयारीचे नाही. मग परीक्षेच्या तोंडावर गाइड आणि झेरॉक्स यांचेच राज्य चालते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेने २०११ पासून यावर साधा उपाय केला. महाग पुस्तक सोडून मुक्त साधनांवर अभ्यासक्रम बेतणाऱ्या प्राध्यापकांना छोटी अनुदाने दिली. तिथे अडचण पुस्तकाच्या किमतीची होती. आपल्याकडे ती भाषेची आणि संदर्भाची आहे. मार्ग तोच आहे.

'पगार मिळतो, मग वेगळे पैसे कशाला?' असे विचारले जाईल. नेमून दिलेले तास घेण्याचा पगार मिळतो. सबंध अभ्यासक्रम नव्याने रचणे हे पुस्तक लिहिण्याइतके काम आहे. पैसा कागदावर जिरेल, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून निम्मी रक्कम आधी द्यावी. उरलेली अभ्यासक्रम एक सत्र प्रत्यक्ष शिकवून, दुसऱ्या महाविद्यालयातील अध्यापकाने तपासून, सर्वांना खुला केल्यावरच द्यावी. त्यावर कर्त्याचे नाव असावे आणि पदोन्नतीत त्याची नोंद व्हावी.

निधीसाठी दिल्लीकडे डोळे लावण्याची गरज नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि शिक्षण त्या यादीत आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांना शिकलेले हात हवे आहेत. एका इमारतीवर नावाची पाटी लावण्याच्या खर्चात कितीतरी विषय मराठीत उभे राहतील, आणि ते गडचिरोलीच्या विद्यार्थ्यालाही तितकेच मिळतील.

विद्यादान श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्या समाजाने विद्या घडविणाऱ्याचा वेळ फुकटचा धरू नये. तळेगावची दक्षिणा एकदा ग्रंथाकडे वळली होती. आता ती वर्गाकडे वळावी.