नॉर्मंडी तोंडपाठ, कूत मात्र कुणालाच माहीत नाही

६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ज्या पाच किनाऱ्यांवर फौजा उतरल्या, त्यांची सांकेतिक नावं आमच्या पौडच्या अभ्यासिकेतलं पोरगं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. स्टालिनग्राड कधी फिरलं, रोमेल कुठे अडकला, सगळं पाठ. यूट्यूबवर नकाशे हलतात, रणगाडे धावतात, पोरं रात्र रात्र बघतात. बघावंच. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

आता त्याच पोराला दुसरा प्रश्न विचारा. नॉर्मंडीनंतर जेमतेम महिन्याने, १० जुलै १९४४ ला, आपल्या ताम्हिणी घाटाच्या खालच्या अंगाचा बावीस वर्षांचा गडी इटलीत मेला. तो तिथे काय करत होता?

शांतता.

त्यांचं नाव नाईक यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले. हे एकटे पुढे धावले, ग्रेनेड टाकून गन बंद केली. गोळ्या संपल्या, भरायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून दस्त्याने दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दर शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग मुळशीतून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे समुद्राकडे जाते. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. किती जण थांबतात? तिकडे इटलीत मोंतोने नावाच्या छोट्या गावाने जुलै २०२३ मध्ये या माणसाच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. ज्यांच्या डोंगरात आपला माणूस मेला त्यांनी त्याची आठवण ठेवली. आपण धबधब्यापाशी सेल्फी काढतो.

पण ही पोस्ट पुतळ्याला हार घालण्यासाठी लिहीत नाहीये. हार घालणारे पुष्कळ आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. महायुद्ध शिकायचं म्हणजे काय शिकायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. कारणं पाच, परिणाम सात, तारखा पाठ करा, पेपर सोडवा. नाहीतर दुसरं टोक, म्हणजे मागे ढोल, पुढे भगवा, 'मर्द मावळे' अशी तीस सेकंदांची रील. दोन्हींत विचार करायला जागा नाही.

आता एक मोहीम नीट उघडून बघू.

पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १९१५ च्या शेवटी जनरल टाउनशेंडची फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. ११७ वी मराठा, १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, अशा आपल्या तीन पलटणी त्यात होत्या. पुणे, सातारा, रत्नागिरी, कुलाबा हे त्या काळी या पलटणींच्या भरतीचे जिल्हे. नोव्हेंबरात टेसिफोनला मोठी लढाई झाली, माणसं फार गेली, फौज मागे फिरली आणि कूत गावात शिरली. ७ डिसेंबरला वेढा पडला. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. जवळपास १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचं नुकसान तर २३ हजारांच्या घरात गेलं.

शौर्य कमी पडलं का? अजिबात नाही. आगबोटी कमी पडल्या.

त्या मुलखात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. सगळी रसद बसऱ्याहून नदीने वर जायची. फौज जितकी पुढे गेली तितकी बोटींची फेरी लांबली, आणि बोटी तेवढ्याच राहिल्या. दाणा वेळेवर नाही, दारूगोळा वेळेवर नाही, जखमींना मागे आणायची सोय नाही. घायाळ माणसं उघड्या पडावांवर दिवसेंदिवस पडून होती. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

वेढ्याच्या आतली एक गोष्ट ऐका. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, आपल्यांना स्कर्व्ही. कारण ताटात होतं. गोरे पांढरी भुकटी पिठाची पोळी खात, त्यात जीवनसत्त्व नाही. पण घोड्याचं मांस खाऊन ते स्कर्व्हीतून वाचले. आपले लोक कोंड्यासकट आटा खात म्हणून बेरीबेरी टळला, पण घोड्याचं मांस बहुतेकांनी बराच काळ नाकारलं आणि हिरवा पाला मिळेना. एकच वेढा, एकच उपासमार, आणि आजार मात्र पंगतीप्रमाणे वेगळे. याला म्हणतात लढाईचा अभ्यास.

आणि कलाटणी कुठे आली? कूतनंतर जनरल मॉड आला. त्याने उन्हाळाभर लढाईची घाई केली नाही. बसऱ्याचं बंदर सुधारलं, बोटी वाढल्या, छोटी रेल्वे टाकली, दवाखाने उभे राहिले. डिसेंबर १९१६ मध्ये हल्ला सुरू केला आणि ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतलं. नदी तीच, शत्रू तोच, हिंदी पलटणीही तशाच. बदलला होता तो बसऱ्याचा धक्का. म्हणून मी म्हणतो, मेसोपोटेमियातली कलाटणी बगदादच्या वेशीवर शोधू नका, बंदरातल्या हमालीत शोधा. ज्या पोराला हे कळलं त्याला नॉर्मंडीही जास्त कळेल, आणि आपल्या तालुक्यात दरड कोसळल्यावर मदत का पोचत नाही तेसुद्धा कळेल.

आता घाडग्यांकडे परत या. रोम ४ जूनला पडलं होतं. जर्मन फौज पळत नव्हती, एकेका डोंगरावर थांबत, लढत, उत्तरेकडच्या पक्क्या तटबंदीकडे सरकत होती. त्याच वेळी दक्षिण फ्रान्समधल्या चढाईसाठी इटलीतून सात डिव्हिजन काढून घेतल्या गेल्या. म्हणजे जगाचं लक्ष फ्रान्सवर, माणसं फ्रान्सला, आणि टायबरच्या खोऱ्यातली टेकडी घ्यायची ती उरलेल्यांनी. त्या उरलेल्यांत मराठा पलटण होती. 'दुय्यम आघाडी' हा शब्द पुस्तकात एका ओळीत येतो. ती ओळ पळसगावात एका घरावर पडली.

तिसरं उदाहरण तर आपल्याच देशातलं. मार्च १९४४. जपानी फौज मणिपुरात घुसली, कोहिमाकडे निघाली. वाटेत उखरुलजवळ सांगशाक नावाच्या डोंगरी गावात ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत चौथी बटालियन, पाचवी मराठा. २२ ते २६ मार्च, पाण्याचे हाल, तार लावायलाही सामान नाही, तरी धरून बसले. शेवटी माघार घ्यावी लागली. वरवर पराभव. पण तेवढे दिवस जपानी तिथे खोळंबले म्हणून कोहिमाला कुमक आणायला वेळ मिळाला. पुढे कोहिमा-इंफाळला जपानी सैन्याचं कंबरडं मोडलं. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती म्हणून मतं घेतली, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडीला मागे टाकून इंफाळ-कोहिमा पहिलं आलं. इंग्रजांना हे पटलं. आपल्याला सांगशाक नकाशावर दाखवता येत नाही.

आता दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

पहिला: "ती गोऱ्यांची लढाई. आपले भाडोत्री होते. कशाला आठवायचं?"

राव, पगारासाठी गेले हे खरंच आहे. महिना ११ रुपये. दुष्काळी मुलखात अकरा रुपये म्हणजे घरातली चूल. आज पहाटे पौड रस्त्यावर भरतीसाठी धावणारं पोरगं कशासाठी धावतं? त्याला भाडोत्री म्हणायची हिंमत आहे का? आणि राजकारण तेव्हाही कळत होतं. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळकांनी भरतीबरोबर स्वराज्याचा हक्क जोडला, गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिलं नाही, टिळक उठून गेले. म्हणजे 'रक्त देतो, बदल्यात काय देता?' हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. उत्तर काय मिळालं ते आम्हा मुळशीकरांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. युद्ध संपलं १९१८ ला. १६ एप्रिल १९२१ ला मुळशी सत्याग्रह उभा राहिला, कारण त्याच सरकारने मावळातली भाताची खाचरं टाटांच्या धरणासाठी संपादन कायद्याने घ्यायला काढली होती. सेनापती बापट आपण शाळेत शिकतो. पण मुळशी पेट्यातून पलटणीत गेलेल्यांची नावं आणि धरणात जमीन बुडालेल्यांची नावं शेजारी शेजारी ठेवून बघा. महायुद्धाचा परिणाम म्हणजे काय, ते व्हर्सायच्या तहापेक्षा तिथे जास्त स्पष्ट वाचता येईल.

दुसरा आक्षेप आपल्याच भावकीतून येतो: "आपल्या समाजाचा पराक्रम आहे, जोरात सांगा, एवढी चिकित्सा कशाला?"

सांगा की. पण पूर्ण सांगा. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. काम झाल्यावर मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली, बाबासाहेबांनी आवाज उठवला, आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. हा इतिहास मावळातल्याच वाड्या-वस्त्यांचा आहे. यातली निम्मी पानं फाडून उरलेल्या निम्म्याची रील करायची, तर तो अभ्यास नव्हे, मिरवणूक झाली.

आणि ज्यांनी मान द्यायचा त्यांनी तरी कसा दिला? मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचं नाव कोरलं, साध्या हिंदी शिपायाचा मात्र पलटणीप्रमाणे नुसता आकडा. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्या अहवालात हा दुजाभाव मान्य केला. शंभर वर्षं लागली. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याची ७४ हजारांवर माणसं गेली, दुसऱ्यात ८७ हजारांवर. त्यातल्या कित्येकांचं नाव दगडावरही नाही. इंग्रजांनी आकडा ठेवला म्हणून आपण चिडायचं, आणि आपण तर आकडाही ठेवला नाही!

आपल्याकडे गावोगावी एक दगड असायचा. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर. साताऱ्याकडे, कोकणात, पुणे जिल्ह्यात असे दगड आहेत. देवळाच्या जीर्णोद्धारात ऑइलपेंटखाली गेलेला असा एक दगड मी स्वतः पाहिलाय. गावाचं नाव घेत नाही, कारण ही एका गावाची गोष्ट नाही. रस्ता रुंद होतो, चावडी पाडतात, नवं ग्रामसचिवालय उभं राहतं. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नेत्यांची वीस नावं मावतात. जुना दगड पाया भरायला जातो.

मुळशीत आता जमिनीला सोन्याचा भाव आहे. सातबाऱ्यावरची नावं लोक शंभर वर्षं मागे जाऊन शोधतात, वारस लावतात, वकील लावतात. तेवढीच चिकाटी पलटणीतल्या पणजोबाचं नाव शोधायला लावली, तर सहा महिन्यांत तालुक्याची यादी होईल.

म्हणून नुसती हळहळ नको. मागण्या चार आहेत.

एक. पंचायत समितीने प्रत्येक ग्रामपंचायतीकडून एक पान मागवावं. महायुद्धाचा दगड आहे का, त्याचा फोटो, गावातून गेलेल्यांची माहीत असलेली नावं.

दोन. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार अनुदान देतं. म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावं आहेत. ती तालुकावार लावून वाचनालयात ठेवा.

तीन. तालुक्यातल्या हायस्कुलांनी वर्षातून एक दिवस नकाशा काढून कूत आणि सांगशाक शिकवावं. पाठांतर नको. फौज कुठून आली, काय खात होती, दाणा कसा पोचला, एवढे तीन प्रश्न.

चार. जीर्णोद्धार किंवा रस्त्याच्या कामाआधी जुन्या दगडाचा फोटो आणि नवी जागा ठरल्याशिवाय ठेकेदाराने त्याला हात लावायचा नाही.

यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. कोटीचा निधीही लागत नाही.

आणि तुमच्यासाठी आजच्या आज करता येईल असं काम. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधायची सोय फुकट आहे. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाने कसंही लिहिलंय, तेव्हा चार प्रकारे लिहून बघा. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडा. डिस्चार्जचा कागद, पदक, पेन्शनचं पुस्तक, काहीही असलं तरी भंगारवाल्याच्या हाती जाऊ देऊ नका.

तुमच्या गावात दगड असेल तर खाली कमेंटमध्ये फोटो टाका, सोबत गावाचं नाव लिहा. यादी मी करतो. पंचायत समितीच्या टेबलावरही मीच नेऊन ठेवतो, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलत नाही.